अपडेटनंतर संगणक सुरू होत नसेल तर काय करावे: नवशिक्यांसाठी क्रमवार मार्गदर्शन

अपडेटनंतर संगणक अडला की घरात पहिले वाक्य उमटते ते ‘सगळे गेले’ असे. बहुतेक वेळा काहीच गेलेले नसते. विंडोजचे अपडेट विंडोजच्या स्वतःच्या फायली आणि काही ड्रायव्हर, म्हणजे पडदा, प्रिंटर अशा भागांशी विंडोजची गाठ घालून देणारे छोटे प्रोग्राम, बदलते. तुमची पत्रे, छायाचित्रे, हिशेबाची पाने यांच्याशी त्याला काही देणेघेणे नसते आणि संगणक सुरू होत नसला तरी ती सगळी डिस्कवर जागच्या जागी पडून असतात. माहिती जाते ती नंतर, दुरुस्तीच्या घाईत. कोणीतरी शेजारचा जाणकार येतो, ‘विंडोज नवीन घालूया’ म्हणतो आणि अर्ध्या तासात दहा वर्षांचे काम पुसून मोकळा होतो. म्हणून खाली दिलेले उपाय एका ठरावीक क्रमाने मांडले आहेत: ज्यांनी काहीच बिघडू शकत नाही ते आधी आणि ज्यांनी माहिती पुसली जाऊ शकते ते अगदी शेवटी. हा क्रम मोडू नये, एवढी एकच विनंती. लेख मुख्यतः विंडोज १० आणि ११ वापरणाऱ्यांसाठी आहे. लिनक्स वापरणाऱ्यांसाठी थोडे पुढे सांगितले आहे.

आधी थांबावे

पडद्यावर टक्केवारी दिसत असेल, मग ती तीस टक्क्यांवर तासभर खिळलेली का असेना, तोवर संगणक बिघडलेला आहे असे धरू नये. ज्या संगणकात जुन्या पद्धतीची फिरती हार्ड डिस्क आहे, तिथे मोठे अपडेट दोन-तीन तास सहज घेते. नव्या एसएसडीवर, म्हणजे फिरता भाग नसलेल्या डिस्कवर, ते बरेच लवकर आटोपते. संगणकाच्या खोक्यावर किंवा लॅपटॉपच्या कडेला डिस्कचा छोटा दिवा असतो. तो अधूनमधून जरी लुकलुकत असेल तरी आत काम चालू आहे असे समजावे. फिरत्या डिस्कचा संगणक असेल तर शक्य असल्यास तो रात्रभर तसाच ठेवावा. ‘बदल मागे घेत आहोत’ अशा अर्थाचा इंग्रजी मजकूर दिसू लागला तर तिथे हात अजिबात लावू नये, कारण अपडेट नीट बसले नाही हे विंडोजला स्वतःलाच कळले आहे आणि ते आपणहून पूर्वीच्या स्थितीला परत जात आहे.

आपल्याकडे गोव्यात यात आणखी एक अडचण येते. जून ते सप्टेंबर या काळात डिचोलीत काय किंवा काणकोणात काय, संध्याकाळी गडगडाट सुरू झाला की लाईट जाणार हे गृहीतच धरावे लागते आणि पुष्कळ घरांतल्या लॅपटॉपची बॅटरी केव्हाच बाद झालेली असल्यामुळे तो थेट प्लगवरच चालत असतो. अपडेट अर्ध्यावर असताना लाईट गेली तर पुढच्या वेळी संगणक चालू केल्यावर विंडोज बहुधा उरलेले काम पुरे करते किंवा केलेले मागे घेते. त्यासाठी तो एकदा चालू करून द्यावा आणि सोडून द्यावा. दर पाच मिनिटांनी बटण दाबून ‘आता होतो का बघू’ असे करू नये. लाईट येऊन-जाऊन करीत असेल, तर ती स्थिरावेपर्यंत संगणक बंदच ठेवलेला बरा.

कुठे अडले आहे ते ओळखावे

संगणक सुरू होणे ही पायऱ्यापायऱ्यांनी होणारी गोष्ट आहे. कोणत्या पायरीवर गाडी थांबली हे कळले की अर्धे निदान होते आणि दुरुस्ती करणाऱ्याला फोनवर नेमके सांगताही येते. बटण दाबूनही दिवा लागत नाही, पंखा फिरत नाही, असे असेल तर तो दोष अपडेटचा नव्हे. वायर, चार्जर, स्विचबोर्ड, पॉवर सप्लाय हे आधी तपासावेत. दिवा लागतो, पण संगणक बनवणाऱ्या कंपनीचे चिन्हही उमटत नाही किंवा पिप-पिप आवाज येतो, असे असेल तर बहुधा रॅम (चालू कामाची माहिती तात्पुरती धरून ठेवणारी पट्टी) किंवा दुसरा एखादा सुटा भाग दगा देत आहे. कंपनीचे चिन्ह दिसते आणि त्यानंतर ‘बूट डिव्हाइस सापडत नाही’ अशा अर्थाचा मजकूर येतो, तर संगणकाला डिस्क दिसत नाही किंवा तो चुकीच्या ठिकाणी विंडोज शोधत आहे. चिन्हाखाली ठिपक्यांचे वर्तुळ फिरत राहते, किंवा निळा पडदा येऊन संगणक पुन्हापुन्हा आपोआप सुरू होतो, तेव्हा मात्र अपडेटवर संशय घ्यायला जागा आहे. विंडोज ११ च्या २०२५ मधील सुधारणेनंतर हा निळा पडदा काळा झाला आहे, तेव्हा काळ्या पडद्यावर इंग्रजी ओळी दिसल्या तर गोंधळून जाऊ नये. तो तोच जुना ओळखीचा पडदा आहे. त्यावरील ‘स्टॉप कोड’ची, म्हणजे बिघाडाचे नाव सांगणारी, ओळ आणि कोणत्याही फायलीचे नाव मोबाइलवर छायाचित्र काढून ठेवावे. पुढे ते उपयोगी पडते.

एक गोष्ट इथे आवर्जून सांगितली पाहिजे, कारण ती दुकानात सहसा कोणी सांगत नाही. घरोघरी संगणक बंद न करता नुसता मिटून ठेवण्याची सवय असते; आठवडेच्या आठवडे तो खऱ्या अर्थाने बंद होऊन सुरू झालेलाच नसतो. अपडेट त्याला पहिल्यांदा रीस्टार्ट करायला लावते आणि इतके दिवस झाकून राहिलेले दुखणे त्या क्षणी उघडे पडते. दमट, खाऱ्या हवेत रॅमच्या पट्टीवरील पितळी रंगाचे संपर्क काळवंडतात. मदरबोर्डवरील (आतल्या मुख्य पट्टीवरील) सीआर २०३२ ही नाण्याएवढी बॅटरी संपली की तारीख-वेळ आणि डिस्कविषयीची मांडणी मूळपदावर जाते. अशा वेळी अपडेटला दोष देऊन ते काढत बसले तरी काही होत नाही. सुरुवातीच्या पडद्यावर तारीख अनेक वर्षे मागची दिसत असेल तर आधी ती बॅटरी बदलून घ्यावी.

जोडलेले सगळे काढावे

पहिली प्रत्यक्ष कृती ही आहे आणि ती कोणालाही करता येते. संगणक बंद करून प्लग काढावा. प्रिंटर, पेनड्राइव्ह, बाहेरची डिस्क, कार्ड रीडर, सॉफ्टवेअरची डाँगल (परवान्यासाठी लावावी लागणारी पेनड्राइव्हसारखी वस्तू), हेडफोन असे जे जे जोडलेले असेल ते काढून टाकावे. फक्त कीबोर्ड, माउस आणि पडदा ठेवावा. मग प्लग काढलेल्या अवस्थेतच चालू करण्याचे बटण अर्धा मिनिट दाबून धरावे, म्हणजे आत साठून राहिलेली वीज निघून जाते. लॅपटॉपची बॅटरी बाहेर काढता येणारी असेल तर तीही आधी काढावी. त्यानंतर प्लग लावून संगणक चालू करून पाहावा.

फोंडा महालातील एका देवस्थानाच्या कार्यालयातील संगणक असाच पावसाळ्यात अपडेटनंतर अडला होता. अभिषेकाच्या पावत्या, महाजनांची यादी, वर्षाचा जमाखर्च असे सगळे त्यावर, आणि खजिनदार डोक्याला हात लावून बसलेले. पडद्यावर ‘बूट डिव्हाइस’विषयीची ओळ. खोका भिंतीपासून पुढे ओढला तेव्हा मागच्या खाचेत एक पेनड्राइव्ह निघाला. सप्ताहातल्या भजनांचे ध्वनिमुद्रण उतरवून घेण्यासाठी कोणीतरी तो लावला होता आणि तिथेच विसरला होता. इतके दिवस रीस्टार्टच न झाल्यामुळे त्याचा त्रास झाला नव्हता. संगणक त्या पेनड्राइव्हवर विंडोज शोधत बसला होता. तो काढताच दोन मिनिटांत पावत्यांचा पडदा समोर आला. ‘अरे, म्हणजे एवढ्यासाठी तुम्हांला फोंड्याहून बोलावले?’ असे खजिनदार ओशाळून म्हणाले खरे, पण यात ओशाळण्यासारखे काही नाही. मागच्या बाजूला हात घालून पाहण्याची सवय फार थोड्या लोकांना असते.

काळा पडदा, पण माउसचा बाण हलतो

विंडोज सुरू झाले आहे, फक्त चित्र उमटत नाही, असा हा प्रकार असतो. विंडोजचे बटण, कंट्रोल, शिफ्ट आणि ‘बी’ ही चार बटणे एकदम दाबावीत. चित्राचा ड्रायव्हर नव्याने सुरू होतो आणि कधीकधी तेवढ्याने काम भागते. न भागल्यास कंट्रोल, ऑल्ट, डिलीट दाबून टास्क मॅनेजर उघडावा, त्यातून नवे काम सुरू करण्याचा पर्याय निवडून ‘एक्स्प्लोरर’ हा शब्द इंग्रजीत लिहावा आणि एंटर दाबावे. डेस्कटॉप परत आला तर लगेच महत्त्वाच्या फायलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर काढून ठेवावी आणि मगच पुढची दुरुस्ती करावी.

बिटलॉकरची किल्ली

अपडेटनंतर कधीकधी निळ्या पडद्यावर रिकव्हरी की मागितली जाते आणि लोक तिला व्हायरस समजून घाबरतात. हे बिटलॉकर आहे, म्हणजे डिस्कवरील मजकूर कुलूपबंद ठेवण्याची विंडोजची स्वतःची सोय. संगणकाच्या सुरुवातीच्या मांडणीत काही बदल झाला, जसे की फर्मवेअरचे (विंडोजच्याही आधी सुरू होणाऱ्या, संगणकातच बसवलेल्या प्रोग्रामचे) अपडेट, की ते खातरजमा म्हणून किल्ली विचारते. नव्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट खात्याने प्रवेश केला की हे कुलूप बहुधा आपोआप लागते, त्यामुळे ‘आम्ही असे काही लावलेच नव्हते’ असे वाटणे साहजिक आहे.

किल्ली ४८ अंकांची असते, सहा-सहा अंकांचे आठ गट. ती ज्या मायक्रोसॉफ्ट खात्याने संगणक पहिल्यांदा सुरू केला त्या खात्यात जपलेली असते. मोबाइलवरून मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावर त्याच खात्याने प्रवेश करून ‘डिव्हाइसेस’ या भागात रिकव्हरी कीज पाहाव्यात. खात्यात एकाहून अधिक किल्ल्या असतील तर पडद्यावर दिसणाऱ्या ‘की आयडी’ची पहिली आठ अक्षरे जुळवून घ्यावीत. गोव्यातल्या घरांत इथेच खरी मेख असते: लॅपटॉप मुलाने घेतलेला, खाते मुलाचे, आणि मुलगा बोटीवर किंवा आखातात. अशा वेळी त्याला आठ अक्षरे व्हॉट्सॲपवर पाठवून किल्ली मागवून घ्यावी. फोनवर तोंडी सांगण्यात एक अंक चुकला तरी पुन्हा सुरुवात करावी लागते. शाळेच्या किंवा कार्यालयाच्या संगणकाची किल्ली संस्थेच्या व्यवस्थापकाकडे असू शकते. एक मात्र पक्के लक्षात ठेवावे: ही किल्ली कुठेच नसेल तर कुलूप मोडून उघडण्याचा मार्ग कोणत्याही दुकानदाराकडे नाही. तसे सांगणाऱ्याला पैसे देऊ नयेत.

दुरुस्तीच्या पडद्यापर्यंत पोचणे

आता मुख्य भागाकडे येऊ. विंडोजच्या आत एक छोटी वेगळी विंडोज दडलेली असते, तिला रिकव्हरी एन्व्हायर्नमेंट म्हणतात. मोठी विंडोज सुरू झाली नाही तरी ही सुरू होते. पासवर्ड विचारणारा पडदा येत असेल तर त्यावरील पॉवरच्या चिन्हावर जाऊन शिफ्टचे बटण दाबून धरावे आणि रीस्टार्ट निवडावे. तोही पडदा येत नसेल तर संगणक चालू करावा, विंडोजचे चिन्ह दिसताच पॉवरचे बटण तो बंद पडेपर्यंत, साधारण दहा सेकंद, दाबून धरावे. असे लागोपाठ दोन-तीनदा केले की पुढच्या खेपेला ‘ऑटोमॅटिक रिपेअर’ची तयारी सुरू झाल्याचे दिसते. अपडेटची टक्केवारी दिसत असताना मात्र हा प्रयोग कधीही करू नये.

एवढ्यानेही दाद लागली नाही तर दुसऱ्या चांगल्या संगणकावर मायक्रोसॉफ्टचे मीडिया क्रिएशन टूल उतरवून निदान आठ जीबीचा पेनड्राइव्ह तयार करावा. त्या पेनड्राइव्हवरचे आधीचे सगळे पुसले जाते, म्हणून तो रिकामाच घ्यावा. अडलेल्या संगणकाला तो लावून चालू करताना बूट मेन्यूचे (कशावरून सुरू व्हायचे ते विचारणाऱ्या यादीचे) बटण दाबत राहावे: डेल आणि लेनोवोवर बहुधा एफ१२, एचपीवर एफ९, असूसच्या लॅपटॉपवर एस्केप. विंडोज बसवण्याचा पडदा आला की ‘इन्स्टॉल’ न निवडता संगणक दुरुस्त करण्याचा जो पर्याय दिसतो तोच निवडावा. चुकून ‘इन्स्टॉल’कडे गेलात तर तिथून मागे फिरावे, पुढे जाऊ नये.

दुरुस्तीच्या पडद्यावर ‘ट्रबलशूट’ आणि त्यात ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’ असे जावे. तिथे शेजारीच ‘रीसेट धिस पीसी’ हा पर्याय ठळकपणे दिसतो. तो अजून दाबायचा नाही.

प्रथम ‘स्टार्टअप रिपेअर’ चालवावे. ते फारसे काही साधत नाही, असे माझे मत आहे, पण ते नुकसानही करत नाही आणि बूटची मोडलेली मांडणी असेल तर तेवढी सरळ करते. ‘दुरुस्त करता आले नाही’ असे उत्तर आले तरी नाउमेद होऊ नये.

त्यानंतरचा ‘अनइन्स्टॉल अपडेट्स’ हा या संपूर्ण लेखातील सर्वांत कामाचा पर्याय आहे. त्यात दोन गोष्टी विचारल्या जातात. क्वालिटी अपडेट म्हणजे दर महिन्याला येणारे छोटे अपडेट; फीचर अपडेट म्हणजे वर्षातून एकदा येणारे मोठे, जे विंडोजची आवृत्तीच बदलते. मायक्रोसॉफ्ट मासिक अपडेट महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी सोडते आणि आपल्याकडे तोवर रात्र झालेली असते, म्हणून त्या बुधवारी-गुरुवारी संगणक अडला असेल तर आधी क्वालिटी अपडेट काढावे. संगणकाने नुकतीच मोठी, तासभर चाललेली सुधारणा केली असेल आणि नंतर चेहरामोहरा बदललेला दिसला असेल, तर फीचर अपडेट काढावे. मात्र ही सोय साधारणपणे पहिले दहा दिवसच उपलब्ध असते, कारण त्यानंतर विंडोज जुन्या आवृत्तीच्या फायली पुसून टाकते. दोन्ही बाबतींत तुमच्या फायलींना धक्का लागत नाही. काम चालू असताना पडदा बराच वेळ स्थिर राहतो. इथेही सुरुवातीचाच नियम, थांबावे.

अपडेट काढता आले नाही तर ‘सिस्टिम रिस्टोअर’ पाहावे. अपडेटच्या आधीच्या तारखेचा टप्पा यादीत असेल तर तो निवडल्यावर विंडोज, ड्रायव्हर आणि त्या तारखेनंतर बसवलेले प्रोग्राम मागे जातात, कागदपत्रे राहतात. दुर्दैवाने पुष्कळ संगणकांवर ही सोय मुळात चालूच केलेली नसते आणि यादी रिकामी निघते.

मग ‘स्टार्टअप सेटिंग्ज’ मधून रीस्टार्ट करून चार आकडा दाबावा. संगणक सेफ मोडमध्ये, म्हणजे अगदी किमान ड्रायव्हर घेऊन, सुरू होतो. इंटरनेट हवे असल्यास पाच दाबावा. डिस्क बिटलॉकरने बंद असेल तर इथे पुन्हा किल्ली लागेल. सेफ मोडमध्ये संगणक व्यवस्थित चालला तर दोष बहुधा एखाद्या ड्रायव्हरचा किंवा अँटिव्हायरसचा आहे, असे मानायला हरकत नाही. डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन चित्राचा किंवा नेटवर्कचा ड्रायव्हर ‘रोल बॅक’ करावा, म्हणजे आधीच्या आवृत्तीवर न्यावा, नव्याने बसवलेला प्रोग्राम काढावा आणि नेहमीप्रमाणे सुरू करून पाहावे.

विंडोजचा दोष नसताना संगणक कसे पडतात याचे १९ जुलै २०२४ हे मोठे उदाहरण आहे. त्या दिवशी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष फायलीमुळे जगभरातील सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळ्या पडद्यावर अडकले आणि आपल्या देशातील विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास देण्याची पाळी आली. उपाय साधाच होता: सेफ मोडमध्ये जाऊन ती एक फाइल पुसणे. पण तो प्रत्येक संगणकापाशी जाऊन करावा लागला. त्या अनुभवानंतर मायक्रोसॉफ्टने विंडोज ११ मध्ये ‘क्विक मशीन रिकव्हरी’ ही सोय २०२५ मध्ये आणली. संगणक वारंवार अडू लागला की दुरुस्तीचा पडदा स्वतःच इंटरनेटला जोडून उपाय शोधतो. ती चालू असल्याचे दिसले तर वायफाय जोडून तिला वेळ द्यावा.

दुरुस्तीच्या पडद्यावर यूएसबीचा कीबोर्ड आणि माउस चालतच नाहीत, असा अनुभव आला तर तो तुमचा भास नव्हे. १४ ऑक्टोबर २०२५ च्या अपडेटमुळे विंडोज ११ वर नेमके हेच झाले होते आणि मायक्रोसॉफ्टने ऐन दिवाळीत, २० ऑक्टोबरला, त्यावर तातडीचे अपडेट काढले. अशा संगणकावर जुना गोल पिनेचा कीबोर्ड किंवा वर सांगितलेला तयार पेनड्राइव्ह हाच मार्ग उरतो.

पुढे जाण्याआधी फायली बाहेर काढाव्यात

आतापर्यंतच्या कशानेच संगणक सुरू झाला नसेल तर इथे थांबून माहिती वाचवावी. यासाठी एक छान युक्ती आहे. ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’ मधील ‘कमांड प्रॉम्प्ट’ उघडावा, काळ्या चौकटीत ‘नोटपॅड’ हा शब्द इंग्रजी अक्षरांत टंकावा आणि एंटर दाबावे. साधे नोटपॅड उघडते. त्यातील फाइल मेन्यूतून ‘ओपन’ निवडून खाली ‘ऑल फाइल्स’ केले की समोर येते ती चौकट म्हणजे एक लहानसा फाइल एक्स्प्लोररच असतो. त्यात ‘यूजर्स’ फोल्डर शोधावे, तुमच्या नावाच्या फोल्डरातील डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स यांवर माउसची उजवी कळ दाबून ‘कॉपी’ करावे आणि आधीच जोडलेल्या बाहेरच्या डिस्कवर जाऊन ‘पेस्ट’ करावे. प्रगती दाखवणारी पट्टी इथे दिसत नाही; चौकट गोठल्यासारखी वाटते, पण प्रत चालू असते. ड्राइव्हची अक्षरे इथे बदललेली असू शकतात, म्हणजे नेहमीचा ‘सी’ हा ‘डी’ म्हणून दिसू शकतो. आतले फोल्डर पाहून खात्री करावी.

कोणत्या फायली घ्यायच्या हे घाईत ठरवू नये. डीटीपीचे काम करणाऱ्यांच्या लग्नपत्रिका, जत्रेतल्या नाटकाची हस्तपत्रके, देवस्थानाची अहवालपुस्तिका हे बहुधा डॉक्युमेंट्समध्ये नसून ‘सी’ किंवा ‘डी’ ड्राइव्हवर थेट काढलेल्या एखाद्या फोल्डरात असते आणि हिशेबाच्या प्रोग्रामची माहिती त्या प्रोग्रामच्याच फोल्डरात असते. जुन्या, युनिकोडपूर्व मराठी फाँटांत केलेले काम असेल तर ते फाँटही बरोबर घ्यावेत. फाइल वाचली आणि फाँट हरवला तर पडद्यावर नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी उमटते.

प्रत काढताना डिस्क फार हळू चालत असेल, मध्येच अडत असेल किंवा तिच्यातून टकटक आवाज येत असेल, तर ती अखेरच्या घटका मोजत आहे असे समजून सर्वांत महत्त्वाच्या फायली आधी घ्याव्यात. अशा डिस्कवर चेकडिस्क हे विंडोजचे डिस्क तपासण्याचे साधन दुरुस्तीच्या पर्यायासह चालवण्याचा सल्ला पुष्कळ जण देतात. तो माहिती बाहेर काढण्यापूर्वी मानू नये. मरणपंथाला लागलेल्या डिस्कला तो ताण झेपत नाही.

रीसेट, आणि दुकान

फायली हाती आल्या की ‘रीसेट धिस पीसी’ करायला हरकत नाही. त्यात ‘कीप माय फाइल्स’ निवडावे. विंडोज नव्याने बसते, खात्याच्या फोल्डरातील फायली राहतात, पण बसवलेले सगळे प्रोग्राम जातात. हिशेबाचे, डीटीपीचे सॉफ्टवेअर पुन्हा घालावे लागते, म्हणून त्यांचे परवाना क्रमांक आधी शोधून ठेवावेत. खात्याच्या फोल्डराबाहेरील माहिती टिकेलच, असा भरवसा धरू नये. ‘क्लाउड डाउनलोड’ निवडल्यास विंडोज इंटरनेटवरून उतरवली जाते आणि काही जीबी डेटा खर्च होतो. मोबाइलच्या नेटवर असाल तर ‘लोकल रीइन्स्टॉल’ बरे.

दुकानात नेण्याची वेळ आली तर संगणक देतानाच ‘विचारल्याशिवाय फॉरमॅट करू नये’ असे पावतीवर लिहून घ्यावे. तोंडी सांगितलेले काउंटरवरच्या माणसापासून आतल्या माणसापर्यंत पोचतेच असे नाही. अपडेटच्या वेळी काय दिसले, कोणता स्टॉप कोड होता, आतापर्यंत कोणते उपाय केले हे एका कागदावर लिहून द्यावे आणि बिटलॉकरची किल्ली असेल तर तीही. चोरटी विंडोज घालून देण्याची तयारी कोणी दाखवली तर नाही म्हणावे. तिला चालू करणारी सॉफ्टवेअरेच पुष्कळदा पुढच्या बिघाडाचे मूळ असतात.

उबुंटू किंवा लिनक्स मिंट वापरणाऱ्यांचे काम तुलनेने सोपे आहे. संगणक चालू होताना एस्केप, जुन्या संगणकावर शिफ्ट, दाबून ग्रब मेन्यू (काय सुरू करायचे ते विचारणारी यादी) आणावा, ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’ मध्ये जाऊन यादीतला आधीचा, म्हणजे कमी क्रमांकाचा कर्नल (लिनक्सचा गाभा) निवडावा. अपडेटनंतरचा बिघाड बहुधा नव्या कर्नलमुळे असल्याने संगणक सुरू होतो आणि पुढची सुधारणा येईपर्यंत त्याच कर्नलवर काम चालवता येते.

सुरू झाल्यानंतरचा आठवडा

संगणक रुळावर आला की ज्या अपडेटने तो पाडला तेच दुसऱ्या रात्री पुन्हा येऊन बसण्याची शक्यता असते. म्हणून सेटिंग्जमधील विंडोज अपडेटमध्ये जाऊन ते काही काळ थांबवावे. एका आठवड्यापासून पाच आठवड्यांपर्यंत तशी सोय आहे आणि तेवढ्यात दोष असेल तर मायक्रोसॉफ्ट बहुधा दुरुस्त आवृत्ती काढते. कायमचे बंद करून ठेवण्याच्या युक्त्या फिरत असतात, त्यांच्या नादी लागू नये. बँकेचे व्यवहार होणाऱ्या संगणकावर तर नाहीच. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे. विस्तारित सुरक्षेसाठी नाव नोंदवलेल्या घरगुती संगणकांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत अपडेट मिळतात, तेव्हा तसा संगणक असेल तर ती नोंदणी झाली आहे ना, हेही याच वेळी पाहावे.

त्याच आठवड्यात आणखी तीन कामे उरकावीत. ‘सी’ ड्राइव्हवर निदान वीस-पंचवीस जीबी जागा मोकळी करावी, कारण जागा अपुरी असणे हे मोठे अपडेट अर्धवट राहण्याचे नेहमीचे कारण आहे. सिस्टिम प्रोटेक्शन चालू करून एक रिस्टोअर पॉइंट स्वतः तयार करावा. बिटलॉकरची किल्ली कागदावर छापून घरातील इतर दस्तऐवजांबरोबर, लॅपटॉपच्या पिशवीत नव्हे, ठेवावी. थांबवलेले अपडेट मुदत संपल्यावर पुन्हा येईल. ते बसवण्यासाठी पावसाळी संध्याकाळ टाळून सकाळची वेळ निवडावी, वर्तमानपत्रात वीज खात्याची त्या दिवशी पुरवठा बंद ठेवण्याची सूचना नाही ना हे पाहावे, डेस्कटॉप असेल तर तो यूपीएसवर आणि लॅपटॉप असेल तर चार्जरवर असू द्यावा आणि पेनड्राइव्ह, प्रिंटर वगैरे काढून मगच रीस्टार्ट दाबावे.